पिवळ्या कुपनाचा मंगळवार

“शेपूबाई, शेपूबाई, जातीस कुणाच्या घरी?
तान्ह्याची आई आली, ऱ्हा गं तिच्या पदरी.”

रांजणीच्या मंगळवारच्या बाजारात, कडुलिंबाच्या विरळ सावलीत बसून माझी आई हे म्हणत होती. माझ्याकडे न बघता, हातातल्या जुडीकडे बघत. तिची हाळी मी पाळण्यात असल्यापासून ऐकलेली. लांब ओढलेली, शेवटाला जराशी चिरकणारी. पण ही हाळी नव्हती. हाळी देताना तिची मान वर असायची, नजर गिऱ्हाइकांवरून फिरायची. त्या दिवशी मान खाली होती आणि आवाज एवढासाच, समोर उभ्या असलेल्या बाईला तेवढा ऐकू यावा असा.

समोर मी उभी होते. कडेवर माणिक, आणि मुठीत घामानं मऊ पडलेलं पिवळं कूपन.

शेजारी कांदा-लसणाचा ढीग लावून बानूबी तांबोळीण बसायची. ती खो-खो हसली. “भामाक्का, भाजीसंगं बोलाया लागलीस व्हय आता? गिऱ्हाईक हुबं हाय म्होरं, त्येला इचार की!”

“गिऱ्हाइकाला काय इचारायचं?” आई म्हणाली. “जिला जायचं हाय तिलाच इचारते.”

शेपूनं बाळंतिणीचं दूध वाढतं. तिनं जुडी उचलली, कुरवाळल्यासारखा एकदा हात फिरवला आणि माझ्या पिशवीत ठेवली. वर दुसरी ठेवली. कूपन घेताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली, तरी तिनं मान वर केली नाही. तिच्यामागं आबा, माझे वडील, पाठ फिरवून गोणपाटावर पाणी शिंपडत होते. गोणपाट आधीच चिंब होतं.

तीसेक वर्षं होऊन गेली. रांजणीचा बाजार आता सिमेंटच्या ओट्यांवर भरतो. पण कुठंही शेपूचा वास आला की तो आवाज माझ्या कानाशी येऊन बसतो.

आई माझ्याशी का बोलत नव्हती ते आधी सांगायला हवं.

आमच्यात तेव्हा साटंलोटं चालायचं. माझ्या विष्णूदादाला ज्या घरची मुलगी ठरली, त्याच घरात मला द्यायचं ठरलं, तिच्या भावाला. दोन्ही लग्नं एका मांडवात. एक मोडलं की दुसरं आपोआप मोडतं. निवृत्ती आमच्या मळ्यात विहीर खोदायला आलेल्या टोळीतला. जातीतला नव्हे, नात्यातला नव्हे. हळदीच्या आदल्या दिवशी मी त्याच्याबरोबर निघून गेले. दादाच्या अंगाला लावायची हळद वाटीत तशीच वाळली. दादा पुढं कुणाला न सांगता पुण्याकडं गेला, तो घरी आलाच नाही. एका माझ्यापायी त्या घरातून दोन लेकरं उठली. मग आबांनी आईला शपथ घातली, “तिच्याशी शब्द बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील.”

हे मला पुढं बानूबीनंच सांगितलं. सांगून म्हणाली, “शपथ माणसाशी बोलायची घातली. भाजीशी बोलू नगं असं न्हाई म्हणाला तुझा बाप. तुझी आई लई वस्ताद!”

माझं सासर खडकी, माहेर कळंबवाडी. दोन्हीच्या मधून एकच ओढा वाहायचा आणि पुढं रांजणीला जायचा. माहेरच्या माणसांना बाजाराला जायचं तर ओढ्याकाठच्या वाटेनं, खडकीच्या शिवेवरूनच जावं लागे. इतक्या जवळ असून दीड वर्षात मला त्या वाटेवर आपलं म्हणून कुणी दिसलं नव्हतं. मला दिसू नयेत अशाच वेळेला ते जात असतील.

कूपन आणलं ते कुसुमताईंनी. त्या एका संस्थेच्या कामाला होत्या. गावोगाव फिरून अंगावर पाजणाऱ्या बायकांची बोटं टोचून रक्त बघायच्या आणि लेकरांना काट्याच्या झोळीत घालून वजन करायच्या. माणिकला झोळीत घातलं की काटा नुसता हलल्यासारखा करायचा आणि थांबायचा.

“दूध पुरत नाही त्याला,” ताई म्हणाल्या. “तुझ्याच अंगात काही नाही, तर त्याच्यात कुठून उतरणार? हा कागद घे. यातलं एकेक कूपन फाडायचं आणि मंगळवारी बाजारात द्यायचं. पैसे पडत नाहीत, पण घ्यायची ती ताजी भाजीच. डाळ नाही, तेल नाही. आणि जे स्वतः पिकवून आणतात त्यांच्याकडूनच. त्यांच्या पालावर हिरवं फडकं बांधलेलं दिसेल.”

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, उंबऱ्यात बसून निवडत असलेल्या तांदळातून मान न काढता म्हणाल्या, “आणा हिकडं. मी जाईन बाजाराला. ओली बाळंतीण उन्हात कशाला?”

“आजी, कूपन तिच्या नावाचं आहे. तिच्याच हातात भाजी द्यायची असा नियम आहे. नाहीतर घरातले पुरुषच खाऊन जातात.”

“नियम!” आत्याबाई म्हणाल्या. “आमच्या वक्ताला नियमबी नव्हता आन् भाजीबी नव्हती.” पण त्यांनी हात मागं घेतला. मला बाजाराला जायची मुभा मिळाली ती अशी, त्या पिवळ्या कागदामुळं. एरवी मी विहिरीपलीकडं गेलेली त्यांना खपायची नाही. “तुझ्या माणसांनी तोंड फिरवलंय. गावात हिंडलीस तर लोक तुलाच इचारत्यात, आन् मान माझी खाली व्हती,” असं त्या म्हणायच्या.

हिरवी फडकी शोधत मी त्या पहिल्या मंगळवारी बाजारात शिरले. पहिलं फडकं एका म्हाताऱ्याच्या वांग्यांवर होतं. दुसरं दिसलं आणि त्याच्या खाली आबांची ओळखीची पाठ दिसली. उन्हानं रापलेली, डाव्या खांद्यात वाकलेली. मी माघारी वळणार होते, तेवढ्यात माणिक रडला. आणि आईनं शेपूची जुडी उचलली.

मग प्रत्येक मंगळवार आला की मी सकाळपासून वेगळीच व्हायचे. पातळ धुऊन नेसायचे, माणिकच्या कपाळाला काजळाची तीट लावायचे. वाटेत मनाशी घोकायचे, आज काय सांगायचं. कारण मीही शिकले होते.

“मेथीबाई,” मी म्हणायचे, जुडी उलटीपालटी करत, “पोरगं सारखं पाय पोटाशी घेतंय गं.”

“मेथे, तिला सांग,” आई दुसऱ्या जुडीची माती झटकत म्हणायची, “बेंबीभवती हिंग लाव म्हणावं, कोमट पाण्यात कालवून. आन् तू सोता शिळं खाऊ नगंस.”

“खात न्हाई.”

“मेथे, खोटं बोलतीय ती.”

कारल्याला तर ती दटावायचीच. “तू गप ऱ्हा रं कारल्या! फुडं फुडं करू नगं. तुझा कडूपणा दुधात उतरतो.” दोडक्याला बजावायची, “मऊ शीज, आन् तुझं पाणी वतून द्यायचं न्हाई, आईनं पिऊन टाकायचं.” तांदुळज्याला सांगायची, “ऊन लई हाय. डोईवर पदर घे म्हणावं तिला, बाळाच्या तोंडावर बी सावली धर म्हणावं.”

बानूबीला हसू आवरायचं नाही. “दोघी बी येड्या! आता मी बी कांद्याशी बोलते. काय रं कांद्या, मला रडवतूस व्हय?” मग माझ्याकडं वळून म्हणायची, “पोरी, तुझं कूपन माझ्या लसणाला चालंना. ही मेथी संस्थेची लाडकी, आन् माझा लसूण सवतीचा! सांग तुझ्या ताईला, तांबोळणीनं शिव्या दिल्यात म्हणून.”

मी हसायचे. आई खाली बघून हसायची. तेवढाच वेळ आम्ही दोघी एकाच गोष्टीला हसत असायचो.

आबा हसायचे नाहीत. मी आले की त्यांचं ठरलेलं असायचं. पितळी लोटा उचलायचा, पाठ करायची आणि गोणपाटावर पाणी मारत राहायचं. एकदा ऊन फार होतं. माणिक तापून लाल झाला होता, मान टाकून कण्हत होता. आबांचा शिंपडणारा हात थांबला. वळले नाहीत. पण पुढच्या खेपेला लोट्यातलं पाणी उडालं ते गोणपाटावर न पडता जरा मागं आलं, माणिकच्या कपाळावर, गालावर. माणिक दचकला. मग त्यानं जीभ बाहेर काढून ओठावरचा थेंब चाटला आणि बोळकं पसरून हसला. तो पहिल्यांदा आवाज काढून हसला तो तिथं.

ते पाणी हात चुकून उडालं होतं की कसं, मला कळलं नाही. आबांनी लोटा खाली ठेवला आणि ते मुताऱ्यांच्या बाजूला निघून गेले. आई शेपूकडं बघत बसली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते जुडीवरच पडू देत होती.

चैत्रात माणिकचं वजन थोडं वाढलं. काटा यावेळी हलला आणि जरा पुढं जाऊन थांबला. कुसुमताईंनी मला मिठी मारली. मी ते पालकाला सांगितलं. आईनं पालकाला विचारलं, “खरं का रं?” आणि मला एक जुडी जास्तीची दिली, कुपनाबाहेरची.

वैशाखात खडकीची विहीर तळाला गेली. पाणी गढूळ यायला लागलं. आम्ही गाळून, उकळून घ्यायचो. तरी माणिकला जुलाब लागले. सोमवारी संध्याकाळी लागले, पहाटेपर्यंत त्याचे डोळे खोल गेले. निवृत्ती जीप घेऊन आला. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी शीर शोधली, सापडली नाही, पुन्हा शोधली. दुपारच्या आत आम्ही त्याच जीपनं माघारी आलो. माझ्या मांडीवर तो होता, पण त्याचं वजन वेगळंच लागत होतं. आता जड लागत होतं.

त्याला पांढऱ्या फडक्यात गुंडाळलं. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. पुरुषांनी नेलं. बायका घरात राहिल्या आणि त्यांनी मला दोन्ही दंडांना धरून ठेवलं. निवृत्तीचं सारं आयुष्य खड्डे खणण्यात गेलेलं. त्या दिवशी त्याच्या हातात कुदळ धरवेना, दुसऱ्यांनी खणलं, असं पुढं कानावर आलं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याच्या टाचांना माती होती. मी विचारलं, “कुठं ठेवलं?”

त्यानं नुसते हात पुढं केले. आत्याबाईंनी त्याच्या हातावर पाणी घातलं आणि मला म्हणाल्या, “आईनं ती जागा बघू न्हाई. फुडच्या कुशीला बरं नसतं. कुणी सांगायचं न्हाई तिला.” त्या रागानं बोलत नव्हत्या. त्यांच्या स्वतःच्या दोन लेकरांच्या जागा त्यांनाही कुणी सांगितल्या नव्हत्या.

मी पुन्हा विचारलं नाही. पण रस्त्यानं पाणी आणायला जाताना ताज्या उकरलेल्या मातीचा कुठलाही ढिगारा दिसला की माझे पाय थांबायचे. कुणी घराच्या पायासाठी खणलं असलं तरीही.

पुढचा मंगळवार गेला. मग कुसुमताई आल्या. माझ्याजवळ बसल्या. मीच उठून फळीवरचा पिवळा कागद काढला. त्यात थोडी कूपनं शिल्लक होती.

“हे न्यायला आलात का ताई?”

त्यांनी कागद घेतला नाही. “तुझं रक्त अजून तेवढंच कमी आहे, गजरा. कागद संपेपर्यंत जात जा. मी बघते.”

आत्याबाई आतून म्हणाल्या, “जाऊ दे तिला. चार माणसांत जाऊन येऊ दे.”

असं मी पुन्हा बाजारात गेले. कडेवर कुणी नव्हतं. हात कुठं ठेवावेत ते मला समजत नव्हतं, म्हणून पिशवी पोटाशी धरून चालले होते.

बानूबीनं लांबूनच हाक मारली. “कुटं गायब झालतीस गं? आन् ही भामाक्का बी! त्या मंगळवारी माल काढून, बांधून ठिवला आन् आलीच न्हाई. सगळी पालेभाजी जळून गेली म्हणं. पोरगं कुटाय तुझं?”

आईचा हात जुडीवर थबकला.

“घरी हाय,” मी म्हणाले. “ऊन लागतंय त्याला.”

का म्हणाले, तर तोंडून दुसरं काही निघेना म्हणून. आणि आणखी एका गोष्टीपायी. आईनं दीड वर्षांनी तोंड उघडलं होतं ते तान्ह्याच्या आईसाठी. ते नाव माझ्यावरून गेलं की मी पुन्हा हळद मोडून पळालेली पोर उरणार होते. मग आई भाजीशी तरी काय बोलणार? आणि कागद संपला की मला इथं येऊन उभं राहायलाही काही कारण राहणार नव्हतं. उरलेले तेवढे मंगळवार तरी मला तिचा आवाज हवा होता.

पण आई त्या दिवशी काहीच बोलली नाही. शेपूकडं तिनं हातही नेला नाही. राजगिऱ्याच्या जुड्या घातल्या, चार बीटं घातली. मग मागच्या टोपलीतून पळसाच्या पानात बांधलेला पुडा काढला आणि भाजीच्या वर अलगद ठेवला. पुड्यात मोगऱ्याची फुलं होती, ओंजळभर.

कुपनात फुलं नव्हती. मी बघत राहिले. आई पुड्याकडं बघून पुटपुटली, “मोगऱ्या, कामाला ये रं बाबा.”

आणखी एक गोष्ट त्या दिवशी मी पाहिली. आबांनी पाठ फिरवली नव्हती. लोटा मांडीशी धरून, खाली बघत ते तसेच बसले होते. त्यांच्या दोन बोटांना चिंधी गुंडाळलेली होती आणि नखं फुटून काळी पडली होती. मळ्यात काही लागलं असेल. विचारायची सोय नव्हती.

माझं नाव गजरा, म्हणून आईनं फुलं दिली असतील असं मला वाटलं. लहानपणी ती मळ्यातल्या मोगऱ्याच्या कळ्या माझ्या वेणीत खोवायची. पण केसांत फूल घालायचे ते दिवस नव्हते. मी पुडा घरी आणून देवापुढं ठेवला. छाती दगडासारखी झाली होती, ठणकत होती. कुणाचंही लेकरू रडलं की चोळी ओली व्हायची. दूध कुणाचं ऐकत नव्हतं. ते वेळच्या वेळी येत होतं.

पुढच्या मंगळवारी पुन्हा मोगरा. आधीपेक्षा जास्त. आई पुन्हा मुकी. तिसऱ्यांदा पुडा आला तेव्हा आत्याबाईंनी तो माझ्या आधी पिशवीतून उचलला.

“हे कुणी दिलं?”

“भाजीवालीनं.”

“आन् तू काय केलंस?”

“देवापुढं ठेवलं.”

आत्याबाईंनी माझ्याकडं एकटक बघितलं. मग पाटा ओढला आणि फुलं त्यावर ओतली. “डोक्यात घालायला न्हाई दिलेलं, येडे. हे ठेचून छातीला बांधायचं. दूध आटतं यानं. ठणका बसतो.” वरवंटा फिरवता फिरवता त्या थांबल्या. घरभर वास पसरला होता. “पोर गेलेल्या बाईलाच देत्यात हे. त्या भाजीवालीला कुणी सांगितलं?”

मी भिंतीला टेकून खाली बसले. आत्याबाईंनी माझी चोळी सोडली, थंडगार लगदा छातीवर थापला आणि स्वतःच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून घट्ट बांधली. गाठ मारताना त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, “शहाणी हाय ती भाजीवाली. तुझी कुणी लागती का?”

मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, ते मलाही सांगता आलं नसतं. त्यांना कळलं असावं.

म्हणजे आईला माहीत होतं. पहिल्या पुड्यापासून माहीत होतं. ‘घरी हाय, ऊन लागतंय’ हे मी तिच्या तोंडावर बोलले आणि तिनं ते ऐकून घेतलं. तिनं मला तिथंच उघडं पाडलं नाही. जे तोंडानं बोलता येत नव्हतं ते तिनं पळसाच्या पानात बांधून दिलं आणि मी ते देवापुढं ठेवून सुकवलं.

शेवटचं कूपन घेऊन मी गेले त्या मंगळवारी वारा सुटला होता. धुळीनं बाजार पिवळा दिसत होता. पालं फडफडत होती, माणसं लवकर आवरत होती. बानूबी कांद्यावर पोतं टाकत होती. आईच्या पुढ्यात थोड्याच जुड्या उरल्या होत्या. शेपूची एक जुडी बाजूला होती, कुणी न नेलेली, टोकाला पिवळी पडलेली.

मी कूपन पुढं केलं. आईनं ते घेतलं आणि मोडून कमरेच्या पिशवीत घातलं.

आता मला निघायचं होतं. पिशवी भरली होती. पण मी उकिडवी बसले आणि ती शेपूची जुडी हातात घेतली. आईकडं बघितलं नाही. आमची रीत मी मोडणार नव्हते.

“शेपूबाई,” मी म्हणाले, “तू इथंच ऱ्हा. माझ्या घरी येऊन काय करशील? तुझ्यासाठी घरात कुणी उरलं न्हाई.”

आईनं पदर तोंडात कोंबला.

“माणिक घरी न्हाई, शेपूबाई. मी खोटं बोलले. माणिक कुठंच न्हाई.” माझा आवाज मला परका वाटत होता, तरी तो थांबत नव्हता. “सगळी म्हणत्यात इसर. इसरीन. पण त्याला कुठं ठिवलंय ते तरी मला ठावं पायजे का नगं? शेळी बांधायची जागा ठावी असती मला, सरपणाची जागा ठावी असती. माझ्या लेकराची न्हाई. कुणाला इचारू? माणसं सांगत न्हाईत. तूच सांग.”

बानूबीच्या हातातलं पोतं तसंच राहिलं. आईचे ओठ हलत होते. तिनं आबांकडं बघितलं. तिच्या नजरेत शपथ मोडायची परवानगी नव्हती मागितलेली. तुम्हीच सांगा, म्हणून हात जोडल्यासारखी नजर होती.

आबांनी लोटा खाली ठेवला. तो कलंडला, पाणी धुळीत गेलं, त्यांनी उचलला नाही. गुडघ्यावर हात रेटून ते उठले, जुड्यांच्या अलीकडं आले आणि माझ्यापुढं, तिथंच मातीत बसले. त्यांनी भाजीकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

“गजरे,” ते म्हणाले.

दोन वर्षांत त्यांच्या तोंडी माझं नाव आलं नव्हतं.

“वढ्याच्या वळणाला करंज हाय. त्येच्याखाली ठिवलाय त्येला. उंचावर हाय, पूर आला तरी पाणी पोचत न्हाई तिथवर. मी बघून घेतलंय.” चिंधी बांधलेला हात त्यांनी छातीवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. “जावयानं निरोप धाडला व्हता. मी आलतो. पल्याडच्या कडंला हुबा ऱ्हायलो. म्होरं यायला मला तोंड न्हवतं. समदी गेल्यावर खाली उतरलो. कोल्ही-कुत्री उकरत्यात म्हणून दगडं आणून रचली वर, घट्ट. आता करंजाचा फुलोरा पडतोय त्येच्यावर. बाजाराला येताना दर बारीला थांबतो तिथं. लोटाभर पाणी शिंपतो.” त्यांचे डोळे माझ्या रिकाम्या कडेवर आले आणि तिथंच राहिले. “त्येला पाणी आवडायचं. त्या दिशी हसला व्हता.”

मग त्यांनी माझ्या हातातली शेपूची जुडी काढून घेतली, मळक्या धोतराला हात पुसला आणि तो माझ्यापुढं धरला.

“ऊठ, बाळा. चल. दावतो तुला.”